रायफायझेन : गरिबाला पत मिळवून देणारा प्रशासक

शासनाच्या सेवेत हयात घालविणाऱ्या आम्हां मंडळींना नियमांचे महत्त्व कोणी नव्याने सांगावयास नको. म्हणूनच नियमापलीकडे पाहू शकलेल्या एका अधिकाऱ्याचे चरित्र आम्हांस विशेष उद्बोधक वाटते. ग्रामीण सहकारी पतसंस्थांचे आद्य प्रवर्तक फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन हे ते अधिकारी होत.

त्यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी जर्मनीतील झीग नदीकाठच्या हाम या गावी झाला. उच्च शिक्षण त्यांना लाभले नाही. ते तरुणपणीच सैन्यात दाखल झाले. परंतु नेत्रविकारामुळे ती नोकरी सोडून प्रशासनात आले. १८४५ मध्ये वायरबुश व आसपासच्या गावांचा कारभार त्यांच्याकडे आला. पुढच्याच वर्षी पिके बुडाली. सरकारी धान्य आले, ते रोखीनेच विकण्याच्या अटीवर. ज्यांच्यापाशी कवडीही नव्हती, त्यांना त्याचा काय उपयोग? रायफायझेन यांनी ती अट बाजूस सारून स्वतःच्या जबाबदारीवर उधारीने धान्य वाटले आणि सधन रहिवाशांच्या साहाय्याने पाव भाजण्याची व्यवस्था केली.

दुष्काळ सरला, सावकारी पाश मात्र सुटला नाही. फ्लामर्सफेल्ड येथे बदलून गेल्यावर त्यांनी १८४९ मध्ये सुमारे ६० सधन गृहस्थांच्या हमीवर संस्था काढून शेतकऱ्यांना हप्त्याने गुरे मिळवून दिली. परंतु दात्यांचा उत्साह कालांतराने ओसरू लागला. जोखीम एकाची आणि लाभ दुसऱ्याचा, ही घडी फार दिवस टिकेना. रायफायझेन धर्मनिष्ठ होते. दानधर्मावर त्यांची नितांत श्रद्धा होती. ती कल्पना अपुरी आहे, हे कबूल करणे त्यांना जड गेले. तरीही १८६४ मध्ये हेडेसडोर्फ येथे त्यांनी निराळीच संस्था उभी केली. तिच्यात कर्ज घेणारेच सभासद आणि कर्जाला जबाबदारही तेच.

या योजनेचे मर्म साधे आहे. सुगीनंतर एखाद्या घरी उरलेला पैसा पेटीत पडून राहिला, तर तो कोणाच्याच उपयोगी पडत नाही. त्याच वेळी शेजाऱ्याला गाय घ्यावयाची असते. तो पैसा पतसंस्थेत आला की ठेवीदाराला व्याज मिळते, शेजाऱ्याच्या गोठ्यात गाय येते आणि दुधाच्या उत्पन्नातून कर्ज फिटते. परंतु बचतीचे असे भांडवल आपोआप होत नाही. त्यासाठी विश्वास लागतो. म्हणून त्यांनी संस्थेचे क्षेत्र लहान ठेवले, सभासदांची जबाबदारी अमर्यादित ठेवली आणि नफा राखीव निधीत वळविला. स्वतःची मालमत्ता गुंतलेली असल्याने कर्जदाराची पारख सारेच डोळ्यांत तेल घालून करीत.

१८६५ मध्ये प्रकृतीमुळे त्यांना सेवानिवृत्त व्हावे लागले. पत्नीचे निधन झाले होते, दृष्टी मंदावली होती. तरीही कन्या आमालीच्या साहाय्याने त्यांनी १८६६ मध्ये पतसंस्थांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १८७२ मध्ये नॉयवीड येथे मध्यवर्ती बँक स्थापून एका गावची शिल्लक दुसऱ्या गावच्या गरजेस पोचविण्याचा मार्ग त्यांनी खुला केला. ११ मार्च १८८८ रोजी त्यांचे देहावसान झाले.

मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी फ्रेडरिक निकोल्सन यांनी १८९५ व १८९७ च्या आपल्या अहवालांत याच पद्धतीचा पुरस्कार केला आणि १९०४ मध्ये आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीकडे पाहताना आम्हांस या जर्मन अधिकाऱ्याचे स्मरण होते, ते याचसाठी. एखाद्याच्या मोठ्या देणगीने संस्थेचा आरंभ होतो. ती टिकते मात्र अनेकांच्या लहान वर्गणीवर आणि परस्परांवरील विश्वासावर.