रुडॉल्फ डिझेल, भुईमुगाचे तेल आणि बायोडिझेल

करंजाच्या किंवा मोगली एरंडाच्या बियांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतो, डिझेल इंजिन मुळात भुईमुगाच्या तेलावरच चालायचे. हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे माहीत नसेल, तर घाण्याचे तेल थेट टाकीत ओतून पंपाचे इंजिन बिघडते. म्हणून डिझेल नावाच्या माणसाची हकीकत नीट पाहू.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसचा. आईवडील जर्मन. १८७० मध्ये फ्रान्स-जर्मनी युद्ध पेटले आणि कुटुंबाला लंडन गाठावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत आउग्सबुर्गला शिकायला पाठवले. पुढे म्युनिकला शीतयंत्रांचे जाणकार कार्ल फॉन लिंडे त्यांना शिकवायला होते. वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग कामी येतो, बाकी वाया जाते, ही गोष्ट तिथे त्यांच्या मनात बसली.

त्यावरचा त्यांचा उपाय तुमच्या शेतातल्या इंजिनात आजही आहे. हवा जोरात दाबली की ती तापते. त्या तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडला की ठिणगीशिवाय पेट घेते. १८९३ मध्ये पेटंट मिळाले. आउग्सबुर्गच्या कारखान्यात चार वर्षे झटल्यावर १८९७ च्या चाचणीत इंजिनाने इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामी लावली.

आता भुईमुगाकडे येऊ. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले. कल्पना फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग भरपूर होता, तिथे बाहेरून इंधन न्यावे लागू नये हा हेतू. डिझेल यांनी नंतर स्वतःही अशा चाचण्या घेतल्या आणि वनस्पती तेलाला पुढे महत्त्व येईल असे १९१२ मध्ये मांडले.

पण ते तेल कच्चेच होते, बायोडिझेल नव्हे. तेव्हाची इंजिने अवजड आणि संथ होती. इंधन दाबाच्या हवेने आत फुंकले जाई, त्यामुळे घट्ट तेलही चालून जाई. आजच्या इंजेक्टरची छिद्रे बारीक असतात. वनस्पती तेल डिझेलपेक्षा दहापटीहून अधिक घट्ट. फवारा नीट होत नाही, तेल अर्धवट जळते, नोझलवर आणि रिंगांवर काजळी धरते.

डिझेल यांना मात्र पुढचे काही पाहायला मिळाले नाही. पैशाने ते पार खचले होते. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून ते नाहीसे झाले. पुढे समुद्रात मृतदेह सापडला. वय ५५. अपघात की आत्महत्या, हा वाद अजून मिटलेला नाही.

घट्टपणाचा तिढा सुटला तो १९३७ मध्ये, ब्रसेल्सच्या शावान यांच्या पेटंटमध्ये. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्ले. त्यांनी पाम तेलातले ग्लिसरीन काढून त्या जागी अल्कोहोल बसवले. एका मोठ्या रेणूचे तीन लहान रेणू झाले, तेल पातळ झाले. पुढच्याच वर्षी त्यावर ब्रसेल्स ते लुव्हेन बस धावली.

आजही क्रिया तीच आहे. १०० किलो तेलात सुमारे ११ किलो मिथेनॉल खर्ची पडते आणि साधारण १०० किलो बायोडिझेल व १० किलो ग्लिसरीन मिळते. क्रिया पुढे सरकावी म्हणून मिथेनॉल जवळपास दुप्पट घालतात आणि उरलेले परत काढतात. सोबत थोडा कॉस्टिक सोडा लागतो. तेलात पाणी किंवा सुटी मेदाम्ले असली की हाच सोडा साबण करून बसतो, आणि मग ग्लिसरीन वेगळे होत नाही. करंजाच्या जुन्या, ओलसर बियांच्या तेलात हे नेहमी घडते. म्हणून बी वाळवून साठवा, आणि तेलाची आम्लता आधी तपासून घ्या. ती एक-दोन टक्क्यांच्या वर असेल तर आधी आम्लाची प्रक्रिया करावी लागते. मिथेनॉल विषारी आणि चटकन पेट घेणारे आहे, त्यामुळे हे काम घरच्या चुलीजवळ करायचे नाही.