बार दोनदा ओलांडणारा ब्रुमेल

उंच उडी हा तसा क्रूर खेळ. इथे जिंकलेला खेळाडूसुद्धा बहुतेक वेळा शेवटी बार पाडूनच थांबतो. आपली मर्यादा सगळ्या स्टेडियमसमोर कळते. व्हॅलेरी ब्रुमेलला मात्र ती मर्यादा एकदा मैदानात कळली आणि एकदा हॉस्पिटलच्या बेडवर.

ब्रुमेलचा जन्म १४ एप्रिल १९४२ चा, सोव्हिएत रशियातल्या सैबेरियाचा. वाढला तो युक्रेनमधल्या लुहान्स्कमध्ये. १९६० च्या रोम ऑलिम्पिकला उतरला तेव्हा वय फक्त १८. सगळ्यांच्या नजरा होत्या अमेरिकेच्या जॉन थॉमसवर, कारण २.२२ मीटरचा विश्वविक्रम त्याच्या नावावर होता. पण थॉमस २.१४ वर अडकला. सोव्हिएत संघाचा शावलाकाद्झे आणि हा नवखा ब्रुमेल, दोघांनीही २.१६ पार केले. शावलाकाद्झेचे फसलेले प्रयत्न कमी, म्हणून त्याला गोल्ड आणि ब्रुमेलला सिल्व्हर.

त्यानंतर मात्र पठ्ठ्या सुटलाच. १९६१ ते १९६३ या तीन वर्षांत त्याने सहा वेळा विश्वविक्रम मोडला. २.२३ पासून सुरुवात करून, दर वेळी एकेक सेंटीमीटर वर सरकत, जुलै १९६३ मध्ये मॉस्कोत तो थेट २.२८ वर पोहोचला. त्याची स्वतःची उंची १.८५ मीटर. म्हणजे स्वतःच्या डोक्यावर ४३ सेंटीमीटर! आणि तेव्हा पाठीवर पडायची फॉसबरी स्टाइल आलेली नव्हती. पोट बारकडे करून, अंग वळवत पलीकडे जायचं.

१९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये पात्रता फेरीतच तो बाहेर पडता पडता वाचला. फायनलला तो आणि थॉमस दोघांनीही २.१८ मारली. या वेळी कमी फसलेले प्रयत्न ब्रुमेलचे होते. रोममध्ये ज्या नियमाने गोल्ड हुकलं, त्याच नियमाने ते टोकियोत मिळालं. शीतयुद्धाच्या त्या काळात या दोघांची मैत्री मात्र टिकून राहिली.

मग आला ऑक्टोबर १९६५. मॉस्कोत तो एका मोटरसायकलवर मागे बसला होता. गाडी घसरली, आदळली आणि उजव्या पायाच्या हाडाचे तुकडे झाले. पाय कापावा लागतो की काय, इथपर्यंत वेळ आली. वय २३. पुढची तीनेक वर्षं ऑपरेशनमागून ऑपरेशन. हाड काही नीट जुळेना, जंतुसंसर्ग जाईना, पाय आखूड झाला तो वेगळाच. जगात सर्वांत उंच उडणारा माणूस कुबड्यांवर चालत होता.

अखेर तो सैबेरियातल्या कुर्गान शहरात डॉ. गाव्रील इलिझारोव्ह यांच्याकडे गेला. राजधानीतल्या मोठ्या डॉक्टरांनी फारसं मनावर न घेतलेला हा माणूस. त्यांची पद्धत अशी: पायाभोवती धातूच्या रिंगा बसवायच्या, हाडातून बारीक तारा आरपार न्यायच्या आणि रोज साधारण एक मिलिमीटर ताण द्यायचा. त्या फटीत नवं हाड तयार होत जातं. ब्रुमेलचा पाय जुळला, लांबीही भरून आली.

इथे दुसरा कुणीही थांबला असता. तो पुन्हा ट्रॅकवर गेला आणि पुन्हा दोन मीटरच्या पुढे उडी मारली. त्या उडीला मेडल नव्हतं. दरम्यान १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये डिक फॉसबरीने आपल्या नव्या स्टाइलने गोल्ड नेलं होतं, खेळच बदलत होता. तरी ब्रुमेलचा २.२८ चा अधिकृत विश्वविक्रम १९७१ पर्यंत कुणाला मोडता आला नाही.

पुढे तो लिखाणाकडे वळला. त्याच्या कादंबरीत एक खेळाडू आहे आणि एक सर्जनही. २६ जानेवारी २००३ रोजी, साठाव्या वर्षी तो गेला.

आज पॅट मॅट्झडॉर्फने २.२९ मारून मोडलेला ब्रुमेलचा विक्रम फक्त आकडेवारीत उरलाय. पण त्याच्या केसमुळे कुर्गानच्या त्या डॉक्टरांचं नाव देशभर झालं, पुढे जगभर पोहोचलं. आपल्याकडच्या ऑर्थोपेडिक वॉर्डातही अपघातात पाय मोडलेल्या एखाद्या तरुणाच्या पायाला त्या रिंगा दिसतात. तिथे त्यांना नुसतं ‘इलिझारोव्ह’ म्हणतात.