सोसायटीचं मूळ जर्मनीत : रायफायझन यांची गोष्ट

आपल्याकडे गावोगावी विकास सोसायटी आहे. तिचं मूळ मात्र जर्मनीत. फ्रीडरिश रायफायझन यांचा जन्म 30 मार्च 1818 चा. डोळ्यांच्या आजाराने लष्कर सुटलं आणि 1845 मध्ये ते वायरबुश परिसराचे कारभारी झाले, म्हणजे आपल्या सरपंचासारखेच. 1846-47 च्या दुष्काळात त्यांनी गावकऱ्यांना उधारीवर पीठ आणि पाव मिळवून दिला.

बँका शहरात, त्या लहान शेतकऱ्याला दारात उभं करत नसत. मग सावकार, आणि गाय-जमीन त्याच्या घशात! रायफायझन यांनी आधी श्रीमंतांच्या मदतीवर मंडळ्या चालवल्या, पण दात्यांचा उत्साह टिकेना. 1864 मध्ये हेडेसडॉर्फला त्यांनी पतसंस्था काढली. कर्ज हवं तर सभासद व्हायचं, आणि संस्था बुडाली तर सगळ्यांनी भरायचं, अगदी घरादारासह. त्यामुळे कोण कर्ज फेडेल हे शेजारीच पारखून ठरवत. बँकेला ते जमणारं नव्हतं. खरी मेख इथेच होती.

पुढे नजर जवळपास गेली, तेव्हा मुलगी अमालिया लिखापढी सांभाळू लागली. 11 मार्च 1888 ला ते वारले. भारतात 1904 च्या कायद्याने खेड्यातल्या पतसंस्थांसाठी हाच नमुना घेतला.