कर्जरोखे, शेअर, प्राप्तिकर आणि बाबासाहेब

लग्नसराईत आपल्या वस्त्यांतली मंडळी इतवारीच्या सराफ्यात सोनं घ्यायला जातात. पण कर्जरोखा, कंपनीचं मूल्यांकन, प्राप्तिकर असे शब्द निघाले की ते पेढीवर बसणाऱ्यांचे, आपले नव्हेत, असा समज अजूनही आहे. ज्यांची जयंती आपण दरवर्षी धडाक्यात करतो, त्यांच्या उच्च शिक्षणाचा मुख्य विषयच हा होता.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन आणि वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. कंपनीची सत्ता गेली, पण तिचं कर्ज आणि भागधारकांचा लाभांश भारताच्या महसुलावर टाकला गेला, हा अन्याय त्यांनी त्यात मांडला.

हा हिशेब तरुणांनी समजून घ्यावा. १८३३ च्या कायद्याने कंपनीचा व्यापार बंद केला, तरी १०० पौंडांच्या भागावर वर्षाला साडेदहा पौंड लाभांश ठरवून दिला. एकूण भांडवल ६० लाख पौंड, म्हणजे वर्षाला ६ लाख ३० हजार पौंड, तेही भारतातल्या कराच्या पैशातून. पुढे हे भाग विकत घेऊन संपवायचे तर १०० ला २०० पौंड, हा भावही कायद्यातच होता. दुप्पट का? वर्षाला हमखास साडेदहा पौंड देणाऱ्या कागदासाठी २०० मोजले तर व्याज सव्वापाच टक्के पडतं. व्याजदर कमी तेवढी अशा कागदाची किंमत जास्त. कर्जरोख्याचं गणित हेच. कंपनीच्या मूल्यांकनाचा पायाही हाच, फक्त तिथे उद्याची कमाई हमखास नसते, म्हणून जोखीम धरून भाव कमी लावतात. इथे नफ्याची जोखीम नव्हतीच, कारण भरणारा शेतकरी होता. १८७४ मध्ये कंपनी विसर्जित झाली.

लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून १९१७ मध्ये परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर आणि गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. गिऱ्हाइकं येऊ लागली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर ती येईनाशी झाली आणि व्यवसाय बंद पडला. बाजार फक्त नफा बघतो, जात बघत नाही, असं आजही जे सांगतात, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं. १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये आला, प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा १९२५ मध्ये. त्याच वर्षी हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. रिझर्व्ह बँक एकट्या बाबासाहेबांनी स्थापन केली, असे संदेश आपल्याकडे फिरतात. त्या आयोगापुढे साक्षीदार अनेक होते. त्यांचं मोठेपण ग्रंथांत आहे, ते वाचले तर अशा फुगवट्याची गरज पडत नाही.

१९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी कराच्या न्यायाचा प्रश्न काढला. प्राप्तिकर उत्पन्नावर असतो आणि ठरावीक मर्यादेखालच्या माणसाला तो लागत नाही. शेतसारा मात्र पीक येवो न येवो, दोन एकरवाल्यालाही भरावा लागे. कर ऐपतीप्रमाणे असावा, ही त्यांची मागणी होती.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. याच फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी घटना समितीसाठी जे निवेदन तयार केलं, ते १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने प्रसिद्ध झालं. मूलभूत उद्योग, विमा आणि शेतजमीन राज्याने घ्यावी, मालकांना हक्काच्या किमतीइतके कर्जरोखे द्यावेत, अशी त्यात योजना होती. रोखा हस्तांतरित करता येईल, वारसांकडे जाईल, त्यावर व्याज मिळेल, पण त्याच्या जोरावर जमीन परत मागता येणार नाही. शिवाय प्रत्येक प्रौढ नागरिकाला वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा.

घटना समितीने ही योजना स्वीकारली नाही. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीच्या हातून आलेल्या संविधानात अनुच्छेद २६५ मात्र आहे: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येत नाही आणि वसूलही करता येत नाही.