महदाइसेचे मंगलगान
आद्य मराठी कवयित्री महदाइसा ही आचार्य श्रीनागदेवांची चुलत बहीण. अकाली वैधव्याने तिचा लौकिक संसार सरला आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे मंगलकार्यातील स्थानही गेले. पुढे सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे सन्निधान लाभले. तेथे तिने शंकांमागून शंका विचारून ज्ञान जोडले; लीळाचरित्रात त्याची साक्ष आहे.

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर ती मोर्शी तालुक्यात, हिवरखेडच्याच मुलखात असलेल्या ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. प्रभूंसाठी रांधणे, वाढणे हाच आता तिचा प्रपंच झाला. इ. स. १२८६ च्या सुमारास प्रभूंनी आपल्या विवाहाची लीळा मांडली, तेव्हा महदाइसेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गाइले. लोकरीतीने जिला मांडवाबाहेर ठेवले, तिच्याच मुखातून मंगलगान प्रकटले. धवळ्यांचा उत्तरार्ध तिने मागाहून रचला.

आज सन्निधान नाही, स्मरण मात्र आहे. चूल, पंगत, लग्नघर ही वासनिकांच्या घरी नित्याचीच. पुढे आलेला घास परमेश्वराचे उपकार स्मरून जो घेतो, त्याच्या घरी महदाइसेच्या आनंदाचा अंश उतरल्यावाचून राहत नाही.