एका पंगतीचे वसतिगृह

मुलाला परगावी शिकायला ठेवायचे ठरले, की घरात तीन प्रश्न हमखास विचारले जातात. जेवण कसे आहे, एका खोलीत मुले किती आणि महिन्याचा खर्च काय? प्रश्न रास्तच आहेत. पण आपला मुलगा त्या वसतिगृहातून परत येताना काय घेऊन येईल, हा चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. साताऱ्यात एक माणूस असा होऊन गेला, की ज्याने आयुष्यभर या चौथ्या प्रश्नाचाच ध्यास घेतला. कर्मवीर भाऊराव पाटील हे त्यांचे नाव. महाराष्ट्र त्यांना शिक्षणमहर्षी म्हणून ओळखतो, त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांची नावे गावोगाव घेतली जातात. परंतु भाऊरावांच्या कार्याचा पाया शाळेच्या वर्गात नव्हे, तर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात घातला गेला, ही गोष्ट मात्र पुष्कळदा नजरेआड होते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. घराणे जैन, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते. पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले आणि राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले. राहण्याची सोय झाली ती जैन बोर्डिंगमध्ये.

त्या काळचे कोल्हापूर म्हणजे वसतिगृहांचे माहेरघर. खेड्यातल्या गरीब मुलाला शाळेची फी माफ केली, तरी शहरात तो राहणार कोठे आणि खाणार काय, हा खरा अडसर आहे, हे राजर्षी शाहू महाराजांनी अचूक ओळखले होते. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले आणि मग एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहू लागली. आपापल्या समाजातून देणगीदार पुढे येत, मुलांची सोय होई. ज्यांच्या सात पिढ्यांनी शाळेची पायरी पाहिली नव्हती, त्यांची मुले शिकू लागली. त्या परिस्थितीत हे पाऊल फार मोठे होते. पण प्रत्येक वसतिगृहाची चूल वेगळी होती आणि पंगतही वेगळी होती.

१९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. तेथील समारंभाला विद्यार्थी भाऊराव गेले. परत आल्यावर जैन बोर्डिंगात त्यांना आंघोळ करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. भाऊरावांनी साफ नकार दिला. त्यांच्या दृष्टीने ते बाटलेच नव्हते, मग शुद्ध कशाला व्हायचे? वसतिगृहाचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे होते. नियम मोडल्याबद्दल भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले. शाळेतही त्यांची गती बेताचीच होती आणि शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. ज्या माणसाने पुढे हजारो मुलांना पदवीपर्यंत नेले, त्याच्या स्वतःच्या हाती शाळेचे साधे प्रमाणपत्रही आले नाही.

यानंतर १९१४ मध्ये त्यांच्यावर एक भयंकर प्रसंग ओढवला. कोल्हापुरात सातव्या एडवर्ड बादशहाच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. या प्रकरणात लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून संस्थानच्या पोलिसांनी भाऊरावांना पकडून त्यांचा अतोनात छळ केला. छळाला कंटाळून त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, परंतु खोटे बोलायला ते तयार झाले नाहीत. ज्या लठ्ठ्यांनी आपल्याला वसतिगृहातून बाहेर काढले, त्यांच्यावर सूड उगवण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांच्या मनाला तो विचार शिवलाही नाही.

पोटासाठी त्यांनी पुढे फिरतीची कामे केली. ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले, साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत भाग घेतला. नांगर विकण्यासाठी बांधाबांधावरून हिंडताना त्यांनी जो महाराष्ट्र पाहिला, तो पुस्तकात नव्हता. शेतकऱ्याचे कष्ट होते, कर्ज होते, आणि कागदावर काय लिहिले आहे हे न कळल्यामुळे होणारी फसवणूक होती. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा संस्कार त्यांच्यावर झालेलाच होता. दुधगावात सहकाऱ्यांबरोबर वसतिगृहाचा प्रयोगही करून झाला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह ठरले.

१९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले आणि तेथे भाऊरावांच्या मनातले वसतिगृह साकार झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ज्या कोणाचा मुलगा शिकायला येईल, त्याला एकच छप्पर, एकच चूल आणि एकच पंगत. एका ताटाशेजारी दुसरे ताट कोणाचे, हे पाहायचे नाही. आज हे वाचताना आपल्याला त्यात विशेष वाटणार नाही. परंतु १९२४ साल होते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह व्हायला अजून तीन वर्षे होती. सार्वजनिक पाणवठ्यावर ज्याला पाणी भरता येत नव्हते, तो मुलगा येथे सर्वांसाठी पाणी भरत होता आणि भाकऱ्याही भाजत होता.

येथे नोकरचाकर नव्हते. स्वयंपाक, झाडलोट, भांडी, धुणे सारे मुलांनी पाळीपाळीने करायचे. शेतात राबायचे, खडी फोडायची आणि मग अभ्यासाला बसायचे. गावोगावचे लोक मूठ-मूठ धान्य बाजूला काढून ठेवत. या मुष्टिफंडावर वसतिगृहाची चूल पेटे. त्यामुळे आपण खातो ती भाकरी कोणा तरी गरिबाच्या घरातून आली आहे, याची जाणीव मुलाला घासागणिक राही. एखाद्या श्रीमंताच्या देणगीतून कदाचित अधिक पैसा मिळाला असता, पण ही जाणीव मिळाली नसती.

मुले भाऊरावांना अण्णा म्हणत. अण्णा सतत फिरतीवर. मागे या एवढ्या मोठ्या संसाराचा गाडा ओढला तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. सोवळ्या-ओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या बाईंनी सर्व जातींच्या मुलांना पोटच्या पोरांप्रमाणे वाढले. मुलांच्या आजारपणात त्या उशाशी बसल्या. कोठीतले धान्य संपले, की एकेक दागिना बाहेर पडे. अखेर मंगळसूत्रही गेले. सवाष्ण बाईने मंगळसूत्र विकणे म्हणजे काय, हे मराठी घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. रयतेच्या वटवृक्षाचा इतिहास सांगताना एका कर्मवीरावर थांबून चालत नाही, ते यामुळेच.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी या वसतिगृहात आले आणि त्यांच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. गांधीजींना या एकत्र पंगतीचे मोठे अप्रूप वाटले. पण त्या नावातही एक धडा होता. ज्या संस्थानच्या पोलिसांनी भाऊरावांना मरणाच्या दारात नेऊन सोडले, त्याच संस्थानच्या दिवंगत राजाचे नाव त्यांनी आपल्या लाडक्या वसतिगृहाला दिले. आपल्यावरचा अन्याय एका बाजूला आणि महाराजांनी बहुजनांवर केलेले उपकार दुसऱ्या बाजूला. तराजू कोणीकडे झुकवायचा, हे भाऊरावांना पक्के ठाऊक होते.

पुढे कामाचा पसारा वाढत गेला. पुणे कराराच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. १९३५ मध्ये साताऱ्यात खेड्यातल्या शाळांसाठी शिक्षक घडवणारे अध्यापक विद्यालय सुरू झाले. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. कॉलेजातही कमवा आणि शिका हाच मंत्र राहिला. मुलांनी अंगमेहनत करायची आणि तिच्या बळावर शिकायचे. कॉलेजकुमाराने हातात कुदळ घ्यावी, ही कल्पना पांढरपेशांना रुचणारी नव्हती. श्रमात मुलांचा अभ्यास बुडेल, अशी शंका घेता येण्यासारखी होती. तिला उत्तर भाऊरावांच्या मुलांनीच दिले. या वसतिगृहाच्या पंगतीत जेवलेले पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

तरीही परीक्षेचा निकाल ही या वसतिगृहाची खरी कसोटी नव्हती. सुटीत मुलगा गावी परते, तेव्हा ती कसोटी लागे. साताऱ्यात ज्याच्या शेजारी बसून जेवलो, तो मित्र आपल्या घराच्या ओट्यावर आला तर त्याला आत बोलवायचे की नाही? भाऊरावांचे वसतिगृह मुलाला या प्रश्नाशी नेऊन उभे करी. पाठ केलेल्या समतेच्या धड्याने हे साधत नाही. वर्षानुवर्षे एकाच कढईतली आमटी खाल्ली, की मग तो प्रश्न टाळणे अवघड होऊन बसते.

१९५९ मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले, पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी भाऊरावांची प्राणज्योत मालवली. पांढरी दाढी, अंगावर खादी आणि हातात काठी घेतलेला हा धिप्पाड माणूस गेला, तेव्हा मागे ३८ वसतिगृहे, १०० हून अधिक माध्यमिक शाळा आणि ३ महाविद्यालये होती.

आज पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना भाऊरावांच्या नावाने चालते आणि गरजू मुलामुलींना तिचा आधार आहे. वसतिगृहेही पुष्कळ झाली आहेत, सोयी वाढल्या आहेत. मात्र मेस कंत्राटदाराची असते, झाडू दुसऱ्याच्या हातात असतो आणि मुले पुष्कळदा आपल्या गावाचा, आपल्या समाजाचा घोळका शोधून त्यातच राहतात. यात मुलांना दोष देण्याचे कारण नाही, कारण त्यांच्यापुढे दुसरी पंगत मांडलीच जात नाही. ती मांडण्यासाठी भाऊरावांकडे पैसा नव्हता, पदवी नव्हती की सत्ताही नव्हती. मूठभर धान्य आणि एका बाईचे दागिने एवढेच होते. पुढच्या जूनमध्ये मुलाची ट्रंक भरताना जेवण, खोली आणि खर्च यांची चौकशी जरूर करावी. त्याबरोबरच तो तेथे कोणाच्या शेजारी बसून जेवणार आणि जेवल्यावर स्वतःचे ताट स्वतः घासणार का, एवढे एकदा विचारायला काय हरकत आहे?