प्लेगचं कोडं पिसवांपाशी सोडवणारे डॉ. पॉल लुई सिमों

कुत्र्या-मांजराच्या अंगावर पिसवा झाल्या, की आपण त्यांना आंघोळ घालतो आणि विषय तिथेच सोडून देतो. हाच किरकोळ वाटणारा कीटक प्लेग पसरवतो, असं ज्या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं, त्याच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली होती.

पॉल लुई सिमों यांचा जन्म १८५८ चा, फ्रान्समधला. डॉक्टरकीच्या सुरुवातीला त्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात कुष्ठरुग्णांची सेवा केली. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. १८९७ मध्ये संस्थेने त्यांना मुंबईला पाठवलं, ते येर्सिन यांच्या जागी. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधणारे ते हेच येर्सिन.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत सुरू झालेला प्लेग तोवर पुण्यापर्यंत पोहोचला होता. रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. घरं कार्बोलिकने धुणं, माणसांना जबरदस्तीने हलवणं, सामान जाळणं असे सरकारी उपाय चालू होते. त्यातूनच जून १८९७ मध्ये रँडचा खून झाला. जंतू माहीत होता, पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. एवढी जुलूमशाही झाली, ती रोगाची वाट ठाऊक नसताना, हे विसरता येत नाही.

सिमों रुग्णांना प्लेगविरोधी सीरम टोचत होते, पण त्यांचं लक्ष होतं बारीकसारीक गोष्टींकडे. काही रुग्णांच्या पायावर इवलासा फोड असे आणि त्यात प्लेगचे जंतू सापडत. हा चावा तर नसेल? दुसरी गोष्ट उंदरांची. एका लोकरीच्या कारखान्यात सकाळी बरेच उंदीर मरून पडलेले दिसले. ते उचलायला वीस मजूर लावले. तीन दिवसांत त्यातल्या दहा जणांना प्लेग झाला. बाकीचे कामगार ठणठणीत राहिले. मात्र मरून बराच वेळ झालेला, गार पडलेला उंदीर हाताळणाऱ्याला सहसा काही होत नसे. कारण उघड आहे: अंग गार पडलं की पिसवा ते सोडून नवं ऊबदार अंग शोधतात.

२ जून १८९८ रोजी कराचीत त्यांनी याची परीक्षा घेतली. प्लेगच्या घरातला आजारी उंदीर एका मोठ्या काचेच्या बरणीत ठेवला. पिसवा कमी पडू नयेत म्हणून हॉटेलातल्या मांजरीच्या अंगावरच्या काही पकडून आत सोडल्या! मग निरोगी उंदीर बारीक जाळीच्या पिंजऱ्यात घालून वर टांगला. दोघांचा स्पर्श होणं अशक्य, पण पिसू उडी मारून पोहोचेल एवढंच अंतर. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांनी वरचाही प्लेगनेच मेला. पिसवा नसलेल्या आजारी उंदराजवळ ठेवलेले निरोगी उंदीर मात्र जगले.

निबंध त्याच वर्षी छापून आला, पण जाणकारांनी तो मनावर घेतला नाही. हिंदुस्थानात नेमलेल्या प्लेग आयोगानेही त्यांचं म्हणणं फेटाळलं. १९०५ नंतर दुसऱ्या आयोगाने परळच्या प्रयोगशाळेतून काम करताना प्लेगच्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. पिसवा शिरू न देणाऱ्या जाळीतले गिनीपिग वाचले, उघडे मेले. मुख्य वाहक निघाली उंदरावरची पिसू. आपल्या मांजरीवरची पिसू प्लेगच्या बाबतीत तिच्या मानाने फार दुबळी.

म्हणून घाबरायचं कारण नाही, पण पिसवांची रीत तीच आहे. मोठी पिसू जनावराच्या अंगावर राहते. अंडी मात्र गळून अंथरुणात, सतरंजीखाली, फरशीच्या फटींत जातात. अळ्या तिथेच वाढतात आणि कोशातली पिसू महिनोन्‌महिने दबा धरून बसते. तेव्हा नुसती आंघोळ पुरत नाही. जनावराचं अंथरूण गरम पाण्यात धुवा, कोपरे रोज झाडा, घरातल्या सगळ्याच जनावरांना पशुवैद्याने दिलेलं औषध ठरल्या दिवशी लावा. कुत्र्याचं औषध मांजरीला लावू नका. त्यातलं परमेथ्रिन तिच्या जिवावर बेतू शकतं. आणि घरात मेलेला उंदीर दिसला, तर उघड्या हाताने उचलू नका.

सिमों पुढे सायगावला गेले, नंतर ब्राझीलमध्ये पीतज्वरावर काम केलं. १९४७ मध्ये ते वारले.